गेमिंग लॅपटॉप पुन्हा पुन्हा तापतोय? आधी आकडे बघा, मग स्क्रूला हात लावा

एप्रिल लागला की पुण्यात ही तक्रार घरोघरी सुरू होते. गेम लावल्यावर पहिली दहा मिनिटं सगळं झकास, मग फॅन किंचाळायला लागतात, फ्रेम निम्म्यावर येतात आणि कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट ठेववत नाही. दुकानात देऊन सर्व्हिसिंग करून आणलं, चिप आणि तांब्याच्या मधली उष्णता वाहणारी पेस्ट बदलली, दोन महिने बरं चाललं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दुखणं परत परत येतं, कारण उपाय अंदाजाने होतो. चिपमधली उष्णता बाहेर जायला एकच वाट आहे. चिपवरून ती पेस्टमध्ये जाते, पेस्टमधून तांब्याच्या पत्र्यात, तिथून हीटपाइपमधून टोकाच्या पातळ जाळीत म्हणजे फिन्समध्ये, आणि फॅनची हवा ती जाळीतून खोलीत फेकते. पत्रा, पाइप आणि फिन्स मिळून जो भाग होतो तो हीटसिंक. या वाटेत कुठेही अडलं तरी स्क्रीनवर दिसणारा आकडा तोच, ९५ अंश. पेस्ट वाळलेली असताना कूलिंग पॅड (लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा स्टँड) घेतलं, किंवा जाळी बुजलेली असताना महागडी पेस्ट लावली, तर पैसे जातात आणि उष्णता तिथेच राहते. म्हणून आधी कुठे अडलंय ते शोधायचं. त्यासाठी लॅपटॉप उघडावा लागत नाही, अर्धा तास मोजमाप पुरतं.

किती तापलं म्हणजे जास्त?

गेम चालू असताना प्रोसेसर ८५ ते ९० आणि ग्राफिक्स चिप ७५ ते ८५ अंशांवर असेल, तर तो बिघाड नव्हे. पातळ देहात शंभर-दीडशे वॅट कोंबले की एवढं होणारच, आणि कंपनीने ते धरूनच यंत्र बनवलेलं असतं. बहुतेक इंटेल लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश असते, काही नव्यांची त्याहून थोडी वर. एएमडीच्या रायझन प्रोसेसरची ९५ ते १००. एनव्हिडियाच्या लॅपटॉप चिप साधारण ८७ च्या आसपास स्वतःहून वेग कमी करतात. मर्यादा गाठली की चिप जळत नाही, ती वीज कमी खेचते आणि मंद होते. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात.

चिंता करायची ती अशा वेळी: प्रोसेसरचा वेग त्याच्या मूळ वेगाच्याही खाली घसरतो, गेम दर काही सेकंदांनी अडखळतो, किंवा लॅपटॉप धाडकन बंद पडतो. आणि गेल्या वर्षी याच गेममध्ये, याच सेटिंगवर ८२ असणारा आकडा आता ९६ झालाय, तर नक्कीच काहीतरी बिघडलंय.

इथे खोलीचं तापमान विसरू नका. चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक चिपने स्वतः केलेली वाढ. वाढ तीच राहिली आणि खोली जानेवारीतल्या २३ अंशांवरून मेमधल्या ३५ वर गेली, तर चिपही जवळपास तेवढीच, बारा अंश चढणार. पुण्यात रात्री बाहेर गार वारा सुटतो हे खरं, पण वरच्या मजल्यावरच्या खोलीत दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत धगधगत असतो, आणि गेमिंग नेमकं त्याच वेळी चालतं. कात्रजच्या गच्चीवरच्या खोलीतला आकडा आणि औंधच्या एसी खोलीतला आकडा एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. दहा-बारा अंशांचा फरक निव्वळ खोलीचा असू शकतो. टेबलावर एक साधा थर्मामीटर ठेवा आणि प्रत्येक नोंदीशेजारी खोलीचं तापमान लिहा.

मोजमाप कसं करायचं

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि ‘सेन्सर्स ओन्ली’ निवडून उघडा. सहा गोष्टींवर लक्ष ठेवायचं: प्रोसेसरचं पॅकेज तापमान, प्रत्येक कोअरचं (प्रोसेसरच्या आतल्या प्रत्येक स्वतंत्र भागाचं) वेगळं तापमान, प्रोसेसरची पॅकेज पॉवर वॅटमध्ये, ग्राफिक्स चिपचं तापमान, तिचं हॉटस्पॉट तापमान, म्हणजे तिच्यावरच्या सगळ्यात गरम जागेचा आकडा, आणि फॅनचा वेग. इंटेलवर ‘थर्मल थ्रॉटलिंग’ अशी ओळ असते. तिथे ‘यस’ आलं की वेग उष्णतेमुळेच कमी होतोय हे पक्कं. फॅनचा वेग काही मॉडेलमध्ये एचडब्ल्यूइन्फोला दिसत नाही, तो कंपनीच्या ॲपमध्ये बघा.

आधी लॅपटॉप चार्जरला लावून पंधरा मिनिटं नुसता डेस्कटॉपवर ठेवा. खोलीपेक्षा १५ ते २० अंश वर असणं ठीक. रिकामा बसूनही ६५-७० असेल तर टास्क मॅनेजर उघडा. बहुतेकदा मागे अपडेट, अँटीव्हायरस नाहीतर एखादा गेम लाँचर राबत असतो, किंवा बाहेरचा मॉनिटर लावल्यामुळे मोठी ग्राफिक्स चिप सतत जागी असते. इथे पेस्टचा काही संबंध नाही.

मग प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या सिनेबेंच आर२३ या सॉफ्टवेअरची मल्टीकोअर चाचणी दहा मिनिटं चालवा आणि शेवटी तुमचा नेहमीचा गेम अर्धा तास. दोन्ही वेळा एचडब्ल्यूइन्फोचं लॉगिंग, म्हणजे आकड्यांची नोंद, चालू ठेवा. तापमानासोबत वॅटचा आकडा लिहायलाच हवा. ‘९५ अंश’ या एकट्या आकड्याला अर्थ नसतो. ८० वॅटवर ९५ म्हणजे कूलिंग ठणठणीत आहे आणि चिपच भरमसाट वीज खातेय. ३५ वॅटवर ९५ म्हणजे वाट अडलीय.

खुणा वाचायच्या कशा

कुठे अडलंय ते खरं इथे कळतं. तापमान किती चढलं यापेक्षा ते कसं चढलं आणि कसं उतरलं हे बघा.

सिनेबेंच सुरू केल्याबरोबर दोन-तीन सेकंदांत ५० वरून ९५ वर उडी, आणि चाचणी थांबवल्याबरोबर तितक्याच झटक्यात ६० वर खाली, असं झालं तर चिपमधली उष्णता तांब्यापर्यंत पोचतच नाही. दोष पेस्टचा किंवा हीटसिंकच्या बैठकीचा. अशा वेळी बाहेर पडणाऱ्या हवेपुढे हात धरून बघा. आत ९५ आणि बाहेर कोमट वारा, ही पेस्ट गेल्याची किंवा बैठक बिघडल्याची ठळक खूण. क्षणभराची उडी मात्र निरोगी लॅपटॉपही मारतो, कारण पहिल्या अर्ध्या मिनिटात प्रोसेसरला जास्त वीज घ्यायची मुभा असते. बघायचं ते एवढंच की मुभा संपून वॅट खाली आल्यावर तापमानही उतरतं की ९५ ला चिकटून राहतं.

याउलट तापमान पाच-दहा मिनिटं हळूहळू चढत गेलं आणि चाचणी थांबल्यावरही सावकाश उतरलं, तर उष्णता फिन्सपर्यंत व्यवस्थित पोचतेय, पुढे तिला न्यायला हवा नाही. बाहेर येणारी हवा चटका देण्याइतकी गरम पण दुबळी असेल तर जाळी बुजलीय किंवा फॅन दमलाय. हवा गरमही आहे आणि जोरातही येतेय, तर यंत्राने त्याची सगळी ताकद लावलेली आहे. तिथे उघडून काही मिळणार नाही, वीज कमी करायची.

कोअरच्या तापमानांत दहा-बारा अंशांहून जास्त तफावत असेल, आणि नेहमी तेच एक-दोन कोअर वर असतील, तर हीटसिंक एका बाजूला उचललेलं असण्याची शक्यता मोठी. ग्राफिक्स चिपसाठी हीच परीक्षा हॉटस्पॉटवर करायची. नेहमीच्या तापमानात आणि हॉटस्पॉटमध्ये १०-१५ अंशांचं अंतर साधारण मानावं, २५ च्या पुढे गेलं की पेस्ट किंवा बैठक संशयित. आरटीएक्स ५० मालिकेत हॉटस्पॉटचा आकडा दिसत नाही, तिथे चढ-उतारावरच विसंबावं लागेल.

आणि एक प्रकार असा की ज्यात उष्णता दोषी नसतेच. तापमान ७० च्या आत, तरी वेग ४०० ते ८०० मेगाहर्ट्झवर अडकलेला. हा बहुधा चार्जरचा खेळ. १८० किंवा २३० वॅटचा मूळ चार्जर सोडून ६५ वॅटचा टाइप-सी लावला, किंवा चार्जरच्या पिनमधली ओळख पटवणारी तार तुटली, की लॅपटॉप स्वतःला जपण्यासाठी आखडता हात घेतो. अचानक बंद पडण्याचंही तसंच. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं म्हणून कारण उष्णता असं होत नाही. यंत्र नीट बंद झालं नाही एवढंच ती नोंद सांगते. लॉगमधल्या शेवटच्या ओळीत तापमान ७५ असेल तर संशय चार्जर, बॅटरी किंवा मदरबोर्डवर घ्या.

पुण्याची धूळ

हिंजवडी, वाकड, खराडी, उंड्री, जिकडे बांधकाम चालू आहे तिकडची धूळ बारीक आणि सिमेंटमिश्रित असते. खिडकीच्या जाळीतून ती आरामात आत येते. त्यात खिडकीतल्या कबुतरांची पिसं, गोधडीचा कापूस, उदबत्तीचा धूर आणि वन-रूम-किचन असेल तर फोडणीची वाफ. तेलकट वाफ बसली की धूळ चिकट होते आणि मग ब्लोअर मारूनही सुटत नाही. पावसाळ्यात दमट हवेने तिचा थर आणखी घट्ट बसतो.

हा थर बाहेरून दिसत नाही, आणि फसगत होते ती इथेच. मागच्या खाचेतून टॉर्च मारली तर तांब्याच्या पट्ट्या स्वच्छ दिसतात. धूळ असते त्यांच्या आतल्या अंगाला, फॅन आणि फिन्स यांच्या सांध्यावर. फॅनचं झाकण काढलं की तिथे राखाडी रंगाची, जाळीच्या पूर्ण लांबीची एक पट्टी बसलेली दिसते, दाबून तयार झालेल्या नमद्यासारखी. चिमट्याने एक टोक धरलं की अख्खी एका तुकड्यात सुटून येते. फॅन पूर्ण वेगाने फिरत असतो, आवाज कानठळ्या बसवतो, आणि हवा मात्र या पट्टीवर आपटून परत फिरते. बाहेरून ब्लोअर मारला तर ही पट्टी तुटून अर्धी फॅनच्या पोटात जाते. आठवडाभर आकडा पाच अंश उतरतो आणि मग पुन्हा चढतो. ‘सर्व्हिसिंग’ करूनही दुखणं परत येण्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

उघडताना

वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीच्या सेवा केंद्राला विचारा. काही कंपन्या फॅन साफ करायला उघडण्याची मुभा देतात, काही स्क्रूवर सील लावतात. उत्तर ईमेलवर घ्या, म्हणजे पुढे वाद नको.

पीएच०० आणि पीएच० असे बारीक ‘प्लस’ टोकाचे दोन स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड, एक इंची मऊ ब्रश, चिमटा, एवढ्यावर भागतं. लॅपटॉप पूर्ण बंद करा, स्लीपवर ठेवू नका, आणि चार्जर काढा. खालच्या झाकणाचे स्क्रू सगळे सारख्या लांबीचे नसतात. पुढचे बहुधा आखूड असतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो वरचं प्लास्टिक फोडून हाताच्या टेकूवर टेंगूळ आणतो. म्हणून कागदावर लॅपटॉपची आकृती काढा आणि स्क्रू जिथला तिथे टोचून ठेवा. एखादा स्क्रू रबराच्या पायाखाली किंवा स्टिकरखाली लपलेला असतो. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, तो स्क्रू शोधा.

झाकण निघाल्यावर सगळ्यात पहिलं काम म्हणजे बॅटरीचा कनेक्टर काढणं. तारा धरून ओढायचं नाही, कनेक्टर दोन्ही बाजूंनी नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने सरकवायचा. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. मार्च ते मे पुण्याची हवा एवढी कोरडी असते की नायलॉनचा टी-शर्ट काढताना ठिणग्या उडतात. तीच ठिणगी बोर्डावर उडाली तर चिप जाऊ शकते. सुती कपडे घाला, सतरंजीवर बसून काम करू नका, आणि हात घालण्यापूर्वी अर्थिंग असलेल्या उघड्या धातूला स्पर्श करा.

फॅनची पाती बोटाने अडवून मगच ब्रश किंवा ब्लोअर चालवा. ब्लोअरच्या जोराने फॅन त्याच्या मर्यादेपलीकडे फिरला तर बेअरिंग खराब होतं. व्हॅक्यूम क्लीनरची नळी बोर्डाला लावू नका, तिच्यात स्थिर वीज साठते. फॅन शक्य असेल तर स्क्रू काढून बाहेर घ्या आणि फिन्सची आतली बाजू डोळ्यांनी बघा. ती पट्टी निघाली नसेल तर साफसफाई झालीच नाही असं समजा.

फॅन हाताने फिरवून बघा. खरखर आली किंवा पातं हलल्यासारखं वाटलं तर बदला. तेलाचा थेंब टाकून आवाज काही आठवड्यांपुरता जातो. नवा घेताना फॅनच्या पोटावरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज दोन्ही जुळवा. काही लॅपटॉपमध्ये ५ व्होल्टचे, तर काहींमध्ये १२ व्होल्टचे फॅन असतात. दिसायला सारखे दिसले तरी १२ च्या जागी ५ चा चालत नाही.

पेस्ट दोन महिन्यांत का जाते

डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, लॅपटॉपच्या चिपवर नसतं. उघड्या सिलिकॉनवर थेट तांबं बसतं. लॅपटॉप तापतो तेव्हा चिप आणि तांबं वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, थंड झाला की आकसतात. दिवसातून दहादा हे झालं की पातळ पेस्ट मधून दाबली जाऊन कडेला सरकते. इंग्रजीतल्या ‘पंप आउट’ याच नावाने हा प्रकार ओळखला जातो. हीटसिंक उचलल्यावर स्पष्ट दिसतं: चिपच्या मध्यभागी आरशासारखा लखलखीत भाग, तिथे पेस्टचा मागमूस नाही, आणि चारी कडांना जाड राखाडी कडं. पेस्ट वाळलेली नसते, ओली असते, पण हवी तिथे नसते. म्हणून ‘चांगल्या कंपनीची, नवीन’ पेस्ट लावूनही दोन-तीन महिन्यांत आकडा पुन्हा वर चढतो. डेस्कटॉपवर वर्षानुवर्षं टिकणारी पातळ पेस्ट उघड्या, तापट चिपवर टिकेलच असं नाही.

त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे. वारंवार पेस्ट जात असेल तर पेस्टचा नाद सोडा आणि हनीवेलची पीटीएम७९५० ही फेज-चेंज शीट लावा. खोलीच्या तापमानाला ती घन असते, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन चिप आणि तांब्यातल्या बारीक खळग्यांत बसते, आणि तरीही एवढी दाट राहते की कडेला पळत नाही. काही कंपन्या कारखान्यातच हे साहित्य वापरतात. चिपच्या आकारापेक्षा किंचित मोठी कापा. लावण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे वरचा प्लास्टिकचा पापुद्रा स्वच्छ सुटतो. दोन्ही बाजूंचे पापुद्रे निघालेत ना हे दोनदा बघा. एक राहिला तर लॅपटॉप चालू होताच १०० गाठतो. लावल्या लावल्या आकडे चांगले आले नाहीत म्हणून पुन्हा उघडू नका. तापणं-निवणं चार-पाच वेळा झालं की ती बसते. नक्कल खूप विकली जाते, त्यामुळे ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्या.

पेस्टच लावायची असेल तर दाट घ्या आणि संपूर्ण चिपवर पट्टीने पातळ, सलग थर द्या. मधे एक थेंब टाकून हीटसिंक दाबण्याची डेस्कटॉपची पद्धत इथे कोपरे कोरडे ठेवते, आणि उघड्या चिपचा कोपरा कोरडा राहिला की तिथला कोअर आधी तापतो.

हीटसिंक काढणार असाल तर झाकण उघडण्याआधीच लॅपटॉप पाच मिनिटं चालवून कोमट करा, जुनी पेस्ट सैल होते. स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. काढताना उलट्या क्रमाने, लावताना सुलट क्रमाने, आणि प्रत्येक स्क्रू एकदम न आवळता आळीपाळीने दोन-दोन फेरे. स्क्रू थांबला की थांबा. स्प्रिंगचे स्क्रू ठरावीक दाबासाठीच असतात, जास्त आवळून तापमान उतरत नाही आणि चिपचा कोपरा फुटू शकतो. हीटपाइप वाकवू नका, आतली रचना दुमडली की पाइप बाद.

पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. सॅनिटायझर तर नकोच. चिपच्या भोवतीचे इवले कपॅसिटर खरवडू नका.

थर्मल पॅडची जाडी हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. ग्राफिक्स मेमरीवर आणि वीजपुरवठ्याच्या भागांवर ०.५, १ किंवा १.५ मिलिमीटरचे मऊ पॅड असतात. ०.५ च्या जागी १ चा लावला तर पूर्ण हीटसिंक त्या बाजूने उचलला जातो आणि मुख्य चिपवर पेस्टचा जाड थर राहतो. पेस्ट बदलल्यावर तापमान आधीपेक्षा वाढलं, तर पहिला संशय इथे. जुने पॅड फाटले नसतील तर तेच ठेवा. जाडी माहीत नसेल तर पॅडऐवजी थर्मल पुट्टी (मळलेल्या कणकेसारखं उष्णतावाहक साहित्य) वापरा, ती दाबली जाऊन स्वतःची जाडी शोधते.

पेस्टऐवजी लावतात ते लिक्विड मेटल घरी लावू नका. ते विजेचं वाहक आहे, एक थेंब ओघळला तर बोर्ड जातो, आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं. कंपनीने कारखान्यातच लावलेलं असेल तर असा लॅपटॉप ज्याने हे काम केलंय त्याच्याकडेच द्या.

वीज कमी करा

हार्डवेअर ठणठणीत असताना सगळ्यात जास्त फायदा इथे मिळतो, आणि तो फुकट आहे. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांचे हीटपाइप एकत्र असतात. गेमला प्रोसेसरचे ७५ वॅट लागत नसतात, पण मुभा आहे म्हणून तो घेतो, आणि ती उष्णता त्याच पाइपांतून ग्राफिक्स चिपच्या डोक्यावर येते. कंपनीच्या ॲपमध्ये किंवा थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरची दीर्घ मर्यादा (सतत घेता येणारी वीज) ४५ वॅट आणि अल्प मर्यादा (थोडा वेळच घेता येणारी) ६० वॅट ठेवून बघा. ग्राफिक्सवर भार असलेल्या गेममध्ये फ्रेम फारशा पडत नाहीत, कधी स्थिर होऊन वाढतातही.

ॲपमध्ये ही सोय नसेल तर विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के करा. टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर जाण्याची सोय, बंद होतो आणि प्रोसेसरचं तापमान धाडकन उतरतं. उपाय ओबडधोबड आहे, प्रोसेसरवर भार असलेल्या गेममध्ये फ्रेम जातील. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो.

फ्रेमला लगाम घाला. १४४ हर्ट्झची स्क्रीन आहे म्हणून कथाप्रधान गेम १४४ वर पळवायची गरज नाही. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ ६० किंवा ८० ठेवा. चिप काम करून उरलेल्या वेळात श्वास घेते.

ग्राफिक्स चिपचं अंडरव्होल्टिंग, म्हणजे तोच वेग कमी व्होल्टेजवर मिळवणं, एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये करता येतं. कंट्रोल आणि एफ एकत्र दाबून व्होल्टेजचा आलेख उघडा. सध्या गेममध्ये चिप किती मेगाहर्ट्झवर चालते ते आधी लिहून ठेवा. ९०० मिलीव्होल्टचा बिंदू उचलून त्याच मेगाहर्ट्झवर न्या, त्याच्या उजवीकडचे सगळे बिंदू त्याच पातळीला सपाट करा आणि लागू करा. दोन तास खेळून स्थिर राहिलं तर ८७५, मग ८५०. ड्रायव्हर कोसळला किंवा स्क्रीन काळी झाली तर एक पायरी मागे या, कायमचं नुकसान होत नाही. आठवडाभर स्थिर चालल्याशिवाय ‘विंडोजबरोबर लागू करा’ हा पर्याय चालू करू नका.

इंटेल प्रोसेसरचं अंडरव्होल्टिंग मात्र अनेक लॅपटॉपवर बंद आहे. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाली आणि त्यानंतरच्या बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटांनी तो दरवाजा लावून टाकला. थ्रॉटलस्टॉपमध्ये ती पट्टी करडी दिसली तर जुनं बायोस टाकण्याच्या भानगडीत पडू नका, वॅटची मर्यादा पुरेशी आहे.

टेबल, पॅड आणि कूलर

लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचला. दोन जाड पुस्तकं कडेला ठेवली तरी चालतं, फक्त खालच्या जाळ्या मोकळ्या हव्यात. स्वस्त कूलिंग पॅडचा बराचसा फायदा या उंचीचाच असतो, त्यातल्या पंख्यांचा थोडा. मागे भिंत असेल तर किमान वीतभर अंतर ठेवा, नाहीतर बाहेर फेकलेली गरम हवाच खालून परत आत जाते. गादीवर, गोधडीवर ठेवून गेम खेळू नका, चार्जरही उशीखाली नको.

पाण्याचा कूलर पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात खोली छान गार करतो, त्याचा उपयोग करा. पण लॅपटॉप झोताच्या सरळ रेषेत नको. बारीक तुषार आणि पाण्यातले क्षार फिन्सवर बसतात. खिडकी उघडी ठेवा, नाहीतर पाऊण तासात खोली दमट होते.

दुकानात देताना

स्वतः उघडायचं नसेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात दुरुस्तीवाले भरपूर आहेत, उपनगरांतही आहेत. देण्यापूर्वी सिनेबेंचच्या शेवटचे वॅट आणि तापमान फोटो काढून ठेवा आणि परत घेताना तीच चाचणी दुकानातच दहा मिनिटं चालवा. विचारा: फॅन काढून साफ करणार की नुसता ब्लोअर मारणार? पेस्ट कोणती, पाकीट दाखवाल? पॅड बदलणार असाल तर किती जाडीचे? नीट काम करणारा माणूस या प्रश्नांनी वैतागत नाही. ‘गॅस भरावा लागेल’ किंवा ‘चिप गरम करून बसवावी लागेल’ असं केवळ तापण्याच्या तक्रारीवर कुणी सांगितलं तर लॅपटॉप उचला आणि पुढच्या दुकानात जा.

साफसफाईचा मुहूर्त मार्चअखेरचा धरा, उन्हाळा तोंडावर असताना. बांधकामाशेजारी राहत असाल तर दिवाळीच्या सुमारास आणखी एकदा.

बॅटरी फुगली असेल तर

टचपॅड वर आलाय, क्लिक होत नाही, झाकण टेबलावर डुगडुगतं, किंवा खालची बाजू मधे फुगीर दिसते, तर तापमानाचं सगळं बाजूला ठेवा. सतत चार्जरवर आणि सतत गरम राहिलेली लिथियम बॅटरी अशी फुगते. लॅपटॉप बंद करा, चार्जिंग थांबवा, दाबून झाकण बसवायचा प्रयत्न करू नका आणि काहीही टोचू नका. ती काढून नवी बसवून घ्या, आणि नवीला कंपनीच्या ॲपमधून ८० टक्क्यांची चार्जिंग मर्यादा घाला. जुनी बॅटरी घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या ढिगात दबली तर आग लागते. कनेक्टरवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा संकलनात द्या.